निधीचे नाव आणि मदतीचा हात

आपल्या संस्थेच्या बालरुग्ण निधीसाठी एखाद्या मंडळाने स्वतः होऊन कार्यक्रम करावा, पैसे जमवावेत, यासारखी आनंदाची गोष्ट नाही. तरीही अशा कार्यक्रमांसाठी आपण लेखी नियम केले, तेव्हा काही हितचिंतक दुखावले. “आम्ही पदरमोड करून मदत करायची आणि वर अटीही आम्हालाच?” असे एका जुन्या स्नेह्याने मला विचारले. त्यांना उत्तर देणे माझे कर्तव्य आहे, कारण या नियमांचे मूळ माझ्याच एका चुकीत आहे.

२०१६ साली चार वर्षांची एक मुलगी माझ्याकडे उपचारासाठी येत असे. हृदयाच्या पडद्याला छिद्र, वजन वाढत नाही, वारंवार न्यूमोनिया. इंदूरमधील काही उत्साही तरुणांनी तिच्यासाठी नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठरवला आणि आपल्या निधीचे नाव वापरू का, असे मला दवाखान्यातच विचारले. मी तोंडी होकार दिला. तिच्या आईला विचारून एक छायाचित्रही दिले. रांगेत रुग्ण होते. अधिक विचार केला नाही.

सभागृह भरले. पण भाडे, ध्वनिव्यवस्था, कलावंतांचे मानधन, फ्लेक्स आणि अल्पोपाहार वजा जाता हाती फारच थोडे उरले. कोणी एक पैसाही खाल्ला नव्हता. मात्र भरलेले सभागृह पाहिलेल्या आईला ती रक्कम ऐकून काय वाटले, ते तिच्या चेहऱ्यावर मी वाचले. पाकिटात पाच हजार रुपये घालून देणारे एक निवृत्त गुरुजी पावती मागायला आले, तेव्हा आमच्याकडे देणगीदारांची यादीच नव्हती. शस्त्रक्रिया अखेर शासकीय योजनेतून झाली. ती वाट आम्ही आधी चाचपली असती, तर कार्यक्रमाची गरजच पडली नसती.

म्हणून पहिला नियम असा, की लेखी परवानगीशिवाय निधीचे नाव वापरू नये. जाहिरातीत ‘निधीचा कार्यक्रम’ असे न छापता ‘निधीच्या साहाय्यार्थ अमुक मंडळाचा कार्यक्रम’ असे छापावे. अपेक्षित खर्च आधी कळवावा आणि तो तिकिटांतून व जाहिरातींतून भागवावा. देणगीला हात लावू नये. जमवलेल्या रकमेवर कोणालाही टक्केवारी नाही. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने आपल्याला मनाई केली आहे. रुग्णाच्या नावे पैसा आणणाऱ्याला आपण ते कसे द्यावे?

दुसरा नियम पैशाच्या वाटेचा. देणगी थेट निधीच्या खात्यात जावी, आयोजकाच्या खात्यातून फिरून नव्हे. २०१७ च्या वित्त कायद्यापासून दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर आयकरात वजावट मिळत नाही, आणि २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचा तपशील संस्थेला आयकर खात्याकडे भरावा लागतो. नाव आणि पॅनसारखा ओळख क्रमांक नसेल, तर इच्छा असूनही आम्ही प्रमाणपत्र देऊ शकत नाही. तिकीट ही देणगी नव्हे, कारण त्याच्या बदल्यात गाणे ऐकायला मिळते. हे विकतानाच सांगावे. आपली मुले परदेशी आहेत. भारतीय पारपत्र असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची मात्र विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही, मग ती पोटच्या मुलाची का असेना.

तिसरा नियम सर्वांत अवघड. एका मुलाच्या नावाने पैसा मागितला आणि उपचारापूर्वीच ते मूल गेले, किंवा रक्कम उरली, तर ती कोणाची? हा प्रश्न शोकात बुडालेल्या घरी नेऊन विचारण्याची पाळी कोणावर येऊ नये. म्हणून आवाहनातच ‘गरजू बालरुग्णांसाठी’ असे स्पष्ट लिहावे.

अहिल्याबाईंच्या या नगरीत हे नवे नाही. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा, असा होळकरशाहीचा शिरस्ता होता. देशभरचे घाट आणि मंदिरे देवींनी खासगीतून उभारली. दानाच्या हिशेबाची वही स्वतंत्र ठेवल्याने दानाला उणेपणा येत नाही.

शेवटचा नियम छायाचित्राचा: मुलाचा चेहरा, नाव, शाळा काहीही छापू नये, पालकांची संमती असली तरीही. संकटातला पालक ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे मला उशिरा कळले. ती मुलगी आता ठणठणीत आहे. काही वर्षांनी तिची आई पुन्हा दवाखान्यात आली, तपासणीसाठी नव्हे. तो जुना फोटो अजूनही लोकांच्या मोबाइलवर फिरत होता आणि वर्गातल्या मुली तिला चिडवत होत्या. “डॉक्टरसाहेब, तेवढा फोटो काढून टाकता येईल का हो?” असे त्या म्हणाल्या.

माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आयोजकांनो, आमचा अर्ज भरताना आपल्यावर अविश्वास दाखवला असे कृपया मानू नका. तो अर्ज मी त्या दिवशी भरून घ्यायला हवा होता.