पन्नास मीटरच्या आत

बांधावर दोघे उभे आहेत. पुतण्याच्या हातात मोबाईल, काकांच्या हातात घडी घालून घालून विरलेली सातबाऱ्याची झेरॉक्स. समोर गुडघ्याएवढे सोयाबीन, वर ऑगस्टचे भरलेले आभाळ. "काका, अजून ऐंशी मीटर दाखवतंय." "आरं, रानातच तर हाव की आपण!" पुतण्या चार पावले पुढे जातो, दोन मागे येतो, फोन आभाळाकडे धरतो. ऐंशीचे शंभर होतात. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, पाटोद्यापासून धारूरपर्यंत, खरिपाच्या दिवसांत हे दृश्य नवे नाही. ई-पीक पाहणी चालू आहे.

मोबाईलच्या बातम्या म्हटले की डोळ्यांपुढे येतात मेगापिक्सेल, घडीचे पडदे आणि नव्या चिपची कौतुके. ते सगळे ठीकच. पण ज्या अ‍ॅपची एक नोंद चुकली तर घरातल्या वर्षभराच्या पैशाचे गणित बदलते, अशी अ‍ॅप्स फार नाहीत. शेतातल्या पिकाची सरकारदरबारी नोंद करायचे ई-पीक पाहणी हे त्यांतले एक. गॅझेटवेड्या मंडळींनी त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलेले नाही, कारण ते दिसायला साधे आहे आणि त्याचा वापरकर्ता चिखलात उभा असतो.

'पाहणी' हा शब्द मराठवाड्याला नवा नाही. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते तेव्हापासून इथे शेतातल्या पिकाची नोंद पाहणीपत्रकात व्हायची, आणि जुनी माणसे सातबाऱ्यालाही बोलता बोलता पाहणीपत्रक म्हणून जात. आजच्या सातबाऱ्यात गाव नमुना ७ सांगतो जमीन कोणाची, आणि १२ सांगतो तिच्यात काय पिकते. ही बारा नंबरातली नोंद करायचे काम पूर्वी तलाठ्याचे असे. नियमाप्रमाणे त्याने गावाला आगाऊ कळवून शिवारात फिरायचे आणि गटागटांत उभे पीक पाहून लिहायचे. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावे, प्रत्येक गावात शेकडो गट. साहजिकच बऱ्याच ठिकाणी पाहणी चावडीत बसूनच व्हायची आणि मागच्या वर्षीची कपाशी यंदाही कपाशीच राहायची, शेतात तूर असली तरी. पुढे कर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाची खरेदी यांपैकी काहीही आले की शेतकरी ती नोंद दुरुस्त करायला हेलपाटे घालायचा.

या दुखण्यावर १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर उपाय आला. महसूल आणि कृषी या दोन विभागांनी टाटा ट्रस्टच्या मदतीने तयार केलेले अ‍ॅप त्या दिवशी सुरू झाले आणि पिकाची नोंद करायचा अधिकार पहिल्यांदाच शेतकऱ्याच्या हातात आला. अधिकाराबरोबर काम आणि जबाबदारीही आली, हे कळायला दोन हंगाम लागले.

रचना सोपी आहे. विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचे. नावाने किंवा गट क्रमांकाने खातेदार शोधायचा. मग हंगाम, पीक निर्भेळ की मिश्र, क्षेत्र किती, पाणी विहिरीचे की बोअरचे की आभाळाचे, लागवड कधीची, हे भरायचे. शेवटी पिकाचा फोटो. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. पहिल्या आवृत्तीत या शेवटच्या पायरीला पळवाटा होत्या, घरामागच्या परसातल्या झाडाचाही फोटो चालून जायचा. २०२२ च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ती फट बुजवायला घेतली. गटापासून लांब उभे राहिलात तर अ‍ॅप तसे सांगू लागले. चूक झाली तर ४८ तासांत स्वतः दुरुस्त करायची सोय आली आणि एकूण नोंदींपैकी १० टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या, असे ठरले.

त्यानंतर बीडचे नाव थेट दिल्लीच्या कागदावर आले. केंद्र सरकारने 'अ‍ॅग्रिस्टॅक' नावाची शेतीची डिजिटल चौकट उभारायला घेतली. तिचे पाय तीन: शेतकऱ्यांची नोंदवही, अक्षांश-रेखांशांना जोडलेले गावनकाशे आणि कोणत्या तुकड्यात काय पेरले याची नोंद. यासाठीचे २,८१७ कोटी रुपयांचे डिजिटल कृषी अभियान २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजूर झाले. शेतकऱ्याला ओळख क्रमांक देण्याचा प्रयोग आधी सहा राज्यांतल्या एकेका जिल्ह्यात करून पाहायचे ठरले होते. उत्तर प्रदेशातून फर्रुखाबाद, गुजरातेतून गांधीनगर, हरियाणातून यमुनानगर, पंजाबातून फतेहगढ साहिब, तमिळनाडूतून विरुदुनगर आणि महाराष्ट्रातून बीड. ज्या जिल्ह्यात फोनला रेंज मिळवायला माळवदावर चढावे लागते, तो देशाच्या शेती-तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा झाला. गंमत वाटेल, पण निवड चुकीची नव्हती. इथे चालले ते कुठेही चालेल.

पीक नोंदीचे अ‍ॅपही याच चौकटीत बसवले गेले. २०२४ च्या खरिपात प्रत्येक जिल्ह्यातल्या एकेका तालुक्यात आणि त्या वर्षीच्या रब्बीपासून सगळीकडे 'डिजिटल क्रॉप सर्व्हे'ची नवी आवृत्ती लागू झाली. तिची अट कडक आहे: गटाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत उभे राहूनच फोटो काढायचा. वरच्या काका-पुतण्यांची अडचण इथे सुरू होते.

फोनला आपण कुठे आहोत हे कळते कसे? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह सतत वेळेचा आणि स्वतःच्या जागेचा संदेश पाठवतात. किमान चार उपग्रह 'दिसले' की फोन अंतरांचे गणित मांडून जागा काढतो. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनचीही चूक पाच मीटरच्या आसपास असते, म्हणजे ५० मीटरची अट गाठायला तो पुरेसा आहे. अडते दुसरीकडे. उपग्रहाचा संदेश सेकंदाला अवघ्या ५० बिटच्या गतीने उतरतो. उपग्रह नेमके कुठे आहेत ही माहिती त्याच्याकडूनच घ्यायची तर अर्धा मिनिट तरी लागते आणि मध्येच सिग्नल तुटला की पुन्हा पहिल्यापासून. शहरात हे जाणवत नाही, कारण तिथे फोन ती माहिती इंटरनेटवरून क्षणात उचलतो. दरीतल्या रानात इंटरनेट नसते. मग फोन घाईघाईने टॉवरवरून अंदाज बांधतो किंवा मघाशी घरी असतानाची जागाच पुढे करतो. बॅटरी वाचवायची सोय चालू असेल तर आणखी आळस करतो. पुतण्याचे चार पावले पुढे, दोन मागे हे त्यामुळे व्यर्थ. त्याने दोन-तीन मिनिटे एका जागी उघड्यावर शांत उभे राहायला हवे होते.

दोन वारंवारितांवर उपग्रह ऐकणारा पहिला फोन, शाओमीचा मी ८, २०१८ मध्येच आला. आज महागड्या फोनांत ही सोय सर्रास असते. पण गावात जो फोन असतो तो बहुधा थोरल्याने वापरून धाकट्याला आणि धाकट्याने वडिलांना दिलेला. काच तडकलेली, साठवण 'गुड मॉर्निंग'च्या चित्रांनी गच्च भरलेली. बटणाचा फोन असलेल्याला तर हे अ‍ॅप उघडतच नाही. मग गावातला कुणीतरी 'टच'वाला पोरगा वीस जणांची पाहणी करून देतो. गावोगावच्या या पोरांवर अ‍ॅपचा किती भार आहे, हे कुठल्याच आराखड्यात लिहिलेले नसते. उरलेल्या गटांसाठी सरकारने आता गावपातळीवर सहायक नेमले आहेत, ही त्याच गरजेची उशिराने दिलेली कबुली.

फोन नवा घेता येईल, नकाशाचे काय? अ‍ॅप जी हद्द मोजते ती गावाच्या जुन्या नकाशावरून संगणकात उतरवलेली. कागदावरची रेघ थोडी सरकली तर जमिनीवर ती कित्येक मीटर सरकते. त्यात वाटण्या. एका गटात चार भाऊ, चौघांचे बांध वेगळे, पिके वेगळी, सातबाऱ्यावर नावे चार. नकाशावर मात्र तो अजून एकच तुकडा. पोटहिश्श्यांची मोजणी होईपर्यंत अ‍ॅप कितीही सुधारले तरी त्याला भावकी कळणार नाही.

सगळ्यात मोठी विसंगती कॅलेंडरची आहे. रब्बीच्या पिकांची शेतकरीस्तरावरची पाहणी १ डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते. बीडच्या डोंगरपट्ट्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. डिसेंबरात ती सांगली-कोल्हापूरच्या किंवा सीमेपलीकडे कर्नाटकातल्या फडात असतात. शेत शिरूर कासारला, शेतकरी शिरोळला, आणि अ‍ॅप मागते ५० मीटर. म्हातारे आई-वडील घरी असतात, पण फोन लेकाबरोबर गेलेला असतो. हे अ‍ॅप मुंबई-पुण्याच्या कचेरीत बसून आखताना ऊसतोडीचे वेळापत्रक कुणी भिंतीवर लावले असेल, असे वाटत नाही.

चुकले तर काय होते याचा धडा २०२४ मध्ये मिळाला. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असे अनुदान जाहीर झाले आणि अट घातली गेली ई-पीक पाहणीची. शेतात कापूस होता, तो विकूनही झाला होता, पण अ‍ॅपमध्ये नव्हता, अशी ओरड मराठवाड्यातून उठली. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये परळीत भरलेल्या राज्यस्तरीय कृषी महोत्सवात ही अट काढल्याची घोषणा झाली आणि सातबाऱ्यावरची नोंद ग्राह्य धरली गेली. म्हणजे जुन्या कागदानेच नव्या अ‍ॅपला हात दिला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तलाठ्याच्या वहीचे उगाच उदात्तीकरण होईल. पीकविम्यात बीडने राज्याला एक पॅटर्न दिला आहे. २०२० च्या खरिपात खासगी कंपन्या इथे यायला तयार नव्हत्या, तेव्हा सरकारी भारतीय कृषी विमा कंपनीबरोबर ८०:११० चे सूत्र ठरले. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा बोजा राज्याचा. ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकीचे राज्याला परत करायचे. पुढे २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला आणि गायरान, देवस्थान, सरकारी जमिनींवरही पिके 'विमा उतरवून' उभी राहिली. या बोगस अर्जांच्या चर्चेतही बीडचे नाव राज्यभर गाजले. ५० मीटरची जाचक वाटणारी अट अशांना आवर घालायला आहे. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली, शेतकरी पुन्हा हप्त्यातला आपला वाटा भरू लागला, आणि शेतकरी ओळख क्रमांक व ई-पीक पाहणी दोन्ही सक्तीचे झाले. अर्जात एक पीक आणि पाहणीत दुसरे निघाले तर अर्ज बाद होऊ शकतो.

आणि सक्तीच्या पहिल्याच हंगामात, सप्टेंबर २०२५ मध्ये, सिंदफणा, बिंदुसरा आणि गोदावरी पात्र सोडून शिवारात शिरल्या. काही ठिकाणी पिकाबरोबर मातीही खरडून गेली. फोटो काढायचा तर कशाचा? पाहणीची मुदत वाढवावी लागली, पण वाहून गेलेल्या सोयाबीनचा फोटो वाढीव मुदतीतही निघत नाही. अशा वेळी पंचनाम्यालाच माणूस पाठवावा लागतो.

जाता जाता, नेटवर्कसाठी डोंगर चढण्याचा एक सुखद किस्साही याच जिल्ह्यातला. आष्टी तालुक्यातल्या सांगवीच्या दादासाहेब भगत यांनी पुण्यात एका बड्या कंपनीत पडेल ते काम करत ग्राफिक्स शिकून घेतले. करोनाच्या टाळेबंदीत गावी परतल्यावर रेंज मिळते म्हणून टेकडीवरच्या गोठ्यात संगणक मांडले आणि तिथून डिझाइनचे सॉफ्टवेअर घडवले. 'शार्क टँक इंडिया'च्या तिसऱ्या पर्वात अमन गुप्ता यांनी त्यात एक कोटी रुपये घातले. पीक पाहणीच्या अ‍ॅपची पुढची चाचणी अशाच एखाद्या गोठ्यात बसून झाली तर निम्मे दोष तिथेच सापडतील.

तोवर पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या वाचकांनी एवढे करावे. घरच्यांच्या फोनमध्ये जुनी आवृत्ती असेल तर ती काढून नवी टाकून द्यावी, फोनमधली जागा मोकळी करून द्यावी, बॅटरी बचत बंद कशी करायची ते दाखवावे. रेंज नसलेल्या रानात काढलेला फोटो फोनमध्येच बसून राहतो. नेटवर्कात येऊन तो अपलोड केल्याशिवाय पाहणी पूर्ण होत नाही, आणि हे काम शेवटच्या दिवसावर टाकले की सर्व्हर हमखास रुसतो. गावातल्या कोणाकोणाची पाहणी झाली ते अ‍ॅपमध्येच पाहता येते. त्यात घरचे नाव दिसले की मग फोन बंद करावा.