रॉक बँडच्या वेबसाइटवरून ड्रमर कुठे गायब होतो?

एखाद्या रॉक बँडची वेबसाइट कॉम्प्युटरवर उघडली की बऱ्याचदा समोर येतो एक भलामोठा फोटो, स्क्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. चौघं एका ओळीत उभे. तीच साइट मोबाइलवर उघडली तर कधी कधी मधले दोघंच उरतात. लग्नातला ग्रुप फोटो डीपीला लावताना कडेचे काका कापले जातात, त्यातलाच हा प्रकार.

यामागे साधं गणित आहे. कॉम्प्युटरची स्क्रीन आडवी असते, समजा 16 भाग रुंद आणि 9 भाग उंच. मोबाइल उभा धरला की हे प्रमाण उलटं होतं. वेबसाइट बनवताना फोटोला 'कव्हर' नावाची सूचना देता येते. तिचा अर्थ, चौकट पूर्ण भरा आणि जे बाहेर जाईल ते कापा. आडवा फोटो असा उभ्या स्क्रीनवर भरला तर त्याच्या रुंदीचा जेमतेम 32 टक्के भाग दिसतो. चौघं सारख्या अंतरावर उभे असतील तर मधल्या दोघांचे चेहरे कसेबसे मावतात, कडेचे दोघे जातात. आता फोन आणखी उंच झालेत, त्यामुळे मधल्या दोघांचंही खरं नाही. आणि मध्ये सहसा गायक असतो. ड्रमर किंवा बेस वाजवणारा कडेला.

मग अख्खा फोटो का दाखवत नाहीत?

दाखवता येतो. 'कंटेन' ही सूचना दिली की फोटो न कापता बसतो. पण इथे आकार आडवा येतो. एलपी रेकॉर्डचं कव्हर साधारण 31 सेंटीमीटरचं होतं, सीडीचं 12 सेंटीमीटरचं. उभ्या फोनवर फोटोला मिळते सातेक सेंटीमीटर रुंदी. म्हणजे उंची फक्त चार सेंटीमीटर. त्यात चौघांचे चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे दिसणार. सगळे दिसायला हवेत तर सगळेच छोटे, मोठे दिसायला हवेत तर कुणीतरी बाहेर. या पेचातून सुटका नाही. 'कापलं गेलं, चालतंय' म्हणून सोडून देणं मात्र आळशीपणाच.

ही अडचण इंटरनेटच्या आधीची आहे. 1963 साली 'विथ द बीटल्स' या अल्बमसाठी रॉबर्ट फ्रीमन यांनी फोटो काढला. रेकॉर्डचं कव्हर चौरस. चार डोकी एका ओळीत ठेवली तर वर-खाली जागा रिकामी राहणार, चेहरेही लहान होणार. फ्रीमननी तिघांना वरच्या ओळीत घेतलं आणि ड्रमर रिंगो स्टारला खाली उजव्या कोपऱ्यात बसवलं. चौकट बदलता येत नव्हती, म्हणून माणसांची मांडणी बदलली. रिंगो खाली गेला, पण कापला गेला नाही.

यू-टूच्या 'द जोशुआ ट्री'ने (1987) उलटा रस्ता धरला. अँटन कॉर्बिन यांचा वाळवंटातला आडवा फोटो चौरसात कापून बसवलाच नाही. तो पट्टीसारखा ठेवला, उरलेली जागा काळी. सिनेमाच्या पडद्यासारखा परिणाम मिळाला. आज 'कंटेन' आणि काळी पार्श्वभूमी वापरणारी वेबसाइट नेमकं हेच करते.

फ्रीमनचा मार्गही वेबवर शक्य आहे. एचटीएमएलमध्ये 'पिक्चर' नावाचा टॅग असतो. त्यातून कॉम्प्युटरसाठी एक आणि मोबाइलसाठी दुसरा फोटो देता येतो. चौघं ओळीत उभे असलेला एक आणि दोन पुढे, दोन मागे असा दुसरा. त्यासाठी फोटोग्राफरला आधीच सांगावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं.

चौकटच बदलली तर?

काहींनी तेही केलं. 2010 मध्ये कॅनडाच्या आर्केड फायरच्या एका गाण्यासाठी क्रिस मिल्क यांनी गुगलसोबत 'द वाइल्डरनेस डाउनटाउन' ही साइट बनवली. लहानपणीच्या घराचा पत्ता टाकला की स्क्रीनवर लहान-मोठ्या अनेक विंडो उघडायच्या. एकीत धावणारा माणूस, दुसरीत पक्षी, तिसरीत पाहणाऱ्याची स्वतःची गल्ली. बँडचे चेहरे महत्त्वाचेच नव्हते. रेडिओहेडने 1 मे 2016 रोजी आपली साइट हळूहळू फिकी करत पूर्ण पांढरी केली. चौकट तीच, आत काहीच नाही. त्या रिकाम्या पानाची जगभर बातमी झाली. आठवडाभरात नवा अल्बम आला.

पण हे स्वतःच्या साइटवरच जमतं. इन्स्टाग्रामवर बँडला मिळतो एक छोटा गोल, आणि तो सगळ्यांना सारखाच. एवढ्याशा गोलात चौघांचा फोटो घालणं व्यर्थ, म्हणून तिथे चिन्ह कामी येतं. रोलिंग स्टोन्सची बाहेर काढलेली लाल जीभ जॉन पाश या कला-विद्यार्थ्याने 1970 च्या सुमारास काढली. मिक जॅगरने त्याला कालीमातेचं चित्र दाखवलं होतं. ती जीभ रेकॉर्डवर, टी-शर्टवर आणि नखाएवढ्या गोलातही ओळखू येते. तिच्यात ड्रमर नाही, गायकही नाही.