घूर्णी एंजिनाचे सुटे भाग : धुलाईपूर्व सिद्धता

घूर्णी एंजिन खोलल्यावर त्याचे भाग व्यावसायिक धुलाईसाठी पाठविण्यापूर्वी त्यांची तपासणी, नोंद, वर्गवारी व संरक्षण ही कामे करतात. त्यांना धुलाईपूर्व सिद्धता म्हणता येईल. येथे घूर्णी एंजिन म्हणजे जर्मन संशोधक फेलिक्स व्हांकेल (१९०२–८८) यांच्या कल्पनेतून निर्माण झालेले, त्रिकोणी घूर्णकाचे एंजिन होय. पहिल्या महायुद्धातील विमानांत सिलिंडरांसह फिरणारी जी एंजिने असत, ती यांहून निराळी. व्हांकेल एंजिन एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ मध्ये प्रथम चालले. १९६७ मध्ये एनएसयूची आरओ ८० व जपानमधील माझ्दा कंपनीची कॉस्मो स्पोर्ट या गाड्यांत ते बसविण्यात आले.

रचना व मळ : या एंजिनात दट्ट्या व झडपा नसतात. घूर्णक फुगीर इंग्रजी आठाच्या आकाराच्या कोठीत फिरतो व त्याच्या एका फेऱ्यात विकेंद्री दंडाचे तीन फेरे होतात. कोठीच्या दोन्ही बाजू सपाट तबकड्यांनी बंद केलेल्या असतात. वायूची गळती रोखण्यासाठी घूर्णकाच्या टोकांवर, कोपऱ्यांत व बाजूंवर सीले बसवितात. मोटारगाडीच्या नेहमीच्या रचनेत एका घूर्णकास तीन टोकसीले, सहा कोपरसीले व सहा बाजूसीले असतात. सीलांच्या वंगणासाठी कोठीत सोडलेले तेल इंधनाबरोबर जळते व त्याचा कार्बन सीलांच्या खाचांत साचतो. सील खाचेत अडकले की संपीडन कमी होते. म्हणून या एंजिनात स्वच्छता महत्त्वाची ठरते. परंतु अविचाराने केलेली धुलाई मळापेक्षा अधिक हानी करू शकते.

परीक्षा व नोंद : मळ हा एंजिनाच्या इतिहासाचा पुरावा असतो आणि धुलाईत तो कायमचा नाहीसा होतो. म्हणून भाग न पुसता, जसेच्या तसे, प्रथम पाहतात. कोठी व तबकडी यांच्या सांध्यावर गंजाचा ओघळ आढळल्यास पाण्याच्या रबरी कडीतून गळती झाल्याचा संशय येतो. सीलाच्या पाठीमागे काजळीचा पट्टा असल्यास तेथून वायू निसटत असावा. तेलात धातूची चमकदार कीस दिसल्यास धारवे तपासावे लागतात. ही लक्षणे छायाचित्रांसह नोंदवून ठेवतात. नंतर धुतलेला भाग कितीही चांगला दिसला, तरी बिघाडाचे कारण त्यावरून कळेलच असे नाही.

खुणा : बाजूसीलाचे कोपरसीलापासूनचे अंतर घासून जुळविलेले असते, त्यामुळे वापरलेले सील पुन्हा बसवायचे असल्यास ते मूळ खाचेतच गेले पाहिजे. सीले व त्यांच्या स्प्रिंगा काढताच घूर्णकाची बाजू व कोपरा यांचा क्रमांक घातलेल्या कप्प्यांच्या पेटीत ठेवतात आणि मोठ्या भागांबरोबर कुंडात टाकीत नाहीत. शाईच्या व कागदी खुणा धुलाईत टिकत नाहीत. मोठ्या भागांना क्रमांक ठोकलेली पोलादी चकती तारेने बांधतात. घूर्णकावर वा कोठीच्या आतील पृष्ठावर छिन्नीने खूण करू नये.

धातूंनुसार वर्गवारी : सिद्धतेतील निर्णायक टप्पा हाच होय. घूर्णक व तबकड्या बहुधा बिडाच्या, विकेंद्री दंड पोलादाचा, तर कोठी ॲल्युमिनियम-मिश्रधातूची असते. काही रचनांत तबकड्याही ॲल्युमिनियमच्या असतात. बिडाचे भाग कॉस्टिक सोड्याच्या तप्त विद्रावात धुता येतात. ॲल्युमिनियम मात्र त्यात विरघळू लागते व हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. कोठीचे अचूक सांधे त्यामुळे कायमचे बिघडतात. कोठीच्या आतील पृष्ठावर क्रोमियमचा किंवा निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा मुलामा असतो. क्रोमियमवर हायड्रोक्लोरिक अम्लाची क्रिया होते, म्हणून अम्लही वर्ज्य ठरते. मुलाम्याचा प्रकार धुलाईच्या कारखान्यास लेखी कळविणे आवश्यक असते. डोळ्यांनी तो नेहमीच ओळखता येत नाही.

भारतातही हा मुलामा वापरला गेला आहे. निशांत या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे व्हांकेल एंजिन विकसित करण्यात आले. त्याचा गाभा अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्थेने तयार केला. कोठीवर निकेल–सिलिकॉन कार्बाइडाचा मुलामा होता. या एंजिनासह विमानाचे उड्डाण २००९ मध्ये कर्नाटकातील कोलार येथे झाले.

संरक्षण व पूर्वधुलाई : सर्व रबरी कड्या, तेलमार्गांची बुचे आणि काढता येण्याजोग्या तोट्या काढून घेतात. घूर्णकात दाबून बसविलेला धारवा काढावयाचा नसल्यास त्यातील मऊ धातूचा कारखान्यास इशारा देतात. घट्ट कार्बन लाकडी वा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडतात. पोलादी पात्याने खाचांच्या कडांना ओरखडे पडतात. तेलकट थर केरोसिनने, हवेशीर जागी व ज्वालेपासून दूर, धुऊन काढतात. पेट्रोल वापरू नये. काचेच्या सूक्ष्म मण्यांच्या झोताने कार्बन लवकर निघतो. परंतु मणी घूर्णकाच्या पोकळीत व तेलमार्गांत अडकून पुढे धारवे खरवडतात. झोत वापरणे अटळ असल्यास तोंडे बंद करून सीलांच्या खाचा व घर्षणपृष्ठे झाकतात. श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या कुंडातही विद्राव धातूला अनुकूल असावा लागतो.

पाठवणी : भागांबरोबर यादी जोडतात. तीत प्रत्येक भागाचा क्रमांक, धातू, मुलामा, निषिद्ध रसायने व झाकावयाची पृष्ठे नमूद करतात. बिडाचे धुतलेले पृष्ठ लवकर गंजते. म्हणून भाग सुकवून त्यावर ताबडतोब तेलाचा पातळ थर देण्याची सूचनाही यादीत असावी. भाग परत आल्यावर त्याच यादीवरून मोजतात, तेलमार्गांतून दाबाखालील हवा सोडून ते मोकळे असल्याची खात्री करतात आणि मगच मापे घेऊन जुळणीस आरंभ करतात.