अंगावर चरबी नाही, पण यकृतात आहे!

ज्यांच्याकडे अंड्यांवरच्या कोंबड्या आहेत त्यांना हा अनुभव नवा नाही. पिंजऱ्यात बसून मक्याचे भरपूर खाद्य खाणारी, भरात असलेली कोंबडी एके दिवशी सकाळी मरून पडलेली दिसते. तुरा फिका पडलेला असतो. पशुवैद्याने पोट उघडले की यकृत पिवळट, लोण्यासारखे मऊ आणि आत रक्त सांडलेले. खाद्य जादा, हालचाल नाही. उरलेल्या खाद्याची चरबी झाली आणि ती यकृतात साठली.

माणसाचेही थोड्याफार फरकाने असेच होते. कोंबडीला काही महिने लागतात, माणसाला पंधरा-वीस वर्षे. पोट दुखते म्हणून सोनोग्राफी करावी आणि कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असे दोन शब्द यावेत, हे आता गावोगावी घडते. ‘‘मी तर दारूला शिवतसुद्धा नाही, मग लिव्हर कसं बिघडलं?’’ हा पहिला प्रश्न. ‘‘दुखत तर काहीच नाही,’’ म्हणून कागद फडताळात ठेवायचा, ही दुसरी पायरी. घात होतो तो इथेच.

सडपातळ माणूसही सुटत नाही

हा शहरातल्या लठ्ठ माणसांचा आजार, असे समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि मुलांचा अभ्यास केला. आपल्याकडची बाळे वजनाने लहान, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, असे त्यांना आढळले. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा दाखला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दिला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वजनकाट्यावर जे दिसत नाही ते आत असते, ते असे.

पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या कष्टकरी, बहुतेक सडपातळ लोकांतही शंभरात जवळजवळ नऊ जणांच्या यकृतात चरबी निघाली. त्या रुग्णांपैकी पाऊणभर लोक लठ्ठ नव्हतेच.

आता आपल्या नाशिक जिल्ह्याकडे पाहा. द्राक्ष, कांदा, डाळिंबाने हातात पैसा आला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मोटेच्या जागी पंप आला, पाटाच्या जागी ठिबक आले, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला. बांधापर्यंत जायचे तरी मोटारसायकल. भाकरीबरोबर बिस्कीट, फरसाण आणि थंड पेय आले. कष्ट घटले, घास मात्र तोच राहिला, उलट गोड झाला.

राखणदारच उलटतात

यकृत हे शरीराचे नाकेच आहे म्हणा ना! आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतात येते. अन्नरसाबरोबर जंतू आणि विषारी द्रव्येही येतात. त्यांना अडवायला यकृतात खास राखणदार पेशी बसलेल्या असतात. शिवाय रक्तातील काही पांढऱ्या पेशी सतत गस्त घालतात आणि एखादी पेशी कर्करोगाच्या वाटेवर दिसली की तिला तिथेच संपवतात. हीच आपली प्रतिकारशक्ती.

चरबी साठली की यकृताच्या पेशी गुदमरून मरू लागतात. राखणदारांना वाटते, शत्रू शिरला. ते धावून येतात, सूज येते. शत्रू तर नसतोच, त्यामुळे ही लढाई वर्षानुवर्षे संपत नाही. जखमेवर व्रण धरावा तसे यकृतात तंतूंचे जाळे वाढते. शेवटी यकृत आक्रसून गाठाळ होते, त्याला सिरोसिस म्हणतात.

पुढची गोष्ट जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इतर देशांच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडली. कर्करोग रोखणाऱ्या त्याच पांढऱ्या पेशी अशा सुजलेल्या यकृतात थकतात आणि बिथरतात. रोगट पेशी ओळखायच्या सोडून निरोगी पेशींनाच मारत सुटतात. मेलेल्या पेशींच्या जागी यकृत घाईने नव्या पेशी करते. घाईच्या कामात चुका होतात, आणि त्यातून गाठ धरते. प्रतिकारशक्ती जागवून कर्करोग बरा करणारी नवी, महागडी औषधेही अशा यकृतात कमी लागू पडतात, असे या शास्त्रज्ञांना दिसले.

घाबरून जाऊ नका. फॅटी लिव्हर असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. मात्र एकदा सिरोसिस झाला की अशा शंभर रुग्णांपैकी दरवर्षी साधारण एक-दोघांना गाठ होण्याचा धोका असतो. मधुमेह आणि दारू यांची जोड मिळाली तर धोका आणखी वाढतो. काही वेळा सिरोसिस नसतानाही गाठ होते.

मक्याची बुरशी आणि कावीळ

यकृताचे आणखी दोन शत्रू आपल्या अंगणात आहेत. पहिला म्हणजे ओल्या मक्यावर आणि भुईमुगावर वाढणारी बुरशी. तिचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजलेला मका खाऊन आदिवासी गावांत शंभरावर माणसे काविळीने दगावली. थोडे थोडे विष रोज पोटात गेले तर ते वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने उगवते. मका चांगला वाळवूनच कोठीत भरा. बुरशीचा दाणा घरात खाऊ नका आणि जनावरांना वा कोंबड्यांनाही घालू नका.

दुसरा शत्रू म्हणजे ‘ब’ प्रकारची कावीळ. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत तिची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मोठ्यांची तपासणी आणि उपचार यांसाठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. कावीळ ‘उतरवून’ घेण्यात आठवडे घालवू नका.

‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ काढ्यांबाबतही जपून. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. वाद तज्ज्ञांवर सोडा; यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही टॉनिक वा काढा घेऊ नका.

मग करायचे काय?

पहिले, कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली तर सावध व्हा. दुसरे, चहा मोजा. दिवसात सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे ६० ग्रॅम झाली, महिन्याला पावणेदोन किलोच्या वर! निम्मी करा. थंड पेये बंदच करा. तिसरे, वजन जास्त असेल तर ते शंभरास सात ते दहा टक्के उतरवा. ८० किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो, तेही सावकाश. एवढ्याने सूज ओसरते, व्रणही मागे हटू शकतो. यकृतासारखा दिलदार अवयव दुसरा नाही. चौथे, दारू अजिबात नको, ‘थोडीशी’सुद्धा.

अहवालात ‘फॅटी लिव्हर’ आले असेल तर मधुमेह तपासून घ्या. साध्या रक्ततपासणीतले यकृताचे आकडे, प्लेटलेट आणि वय यांवरून व्रण किती असेल याचा अंदाज डॉक्टर बांधू शकतात. सिरोसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका. गाठ लहान असताना सापडली तर उपाय आहे. दुखू लागेपर्यंत थांबलात, तर बहुधा उशीर झालेला असतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. २०२१ मध्ये केंद्र सरकारने कर्करोग, मधुमेह, हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचाही समावेश केला. तीस वर्षांवरील प्रत्येकाची नोंद करून कंबर मोजण्याचे काम आशाताईंकडे आहे. पण बापेमाणसं शेतात असतात आणि रकाने रिकामे राहतात. पुढच्या ग्रामसभेच्या दिवशी आशाताई आणि उपकेंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांना टेप आणि रक्तदाबाचे यंत्र घेऊन बोलवा. सभेला येणाऱ्या प्रत्येकाची कंबर आधी मोजा, मग हजेरीवर सही घ्या. सुरुवात सरपंचांनी स्वतःपासून करावी.