जुनेरें, गोधडी आणि सुईदोरा

अवर्षणाच्या सालीं अन्न, पाणी व चारा ह्या तीन गरजा सर्वांच्या डोळ्यांपुढें प्रथम येतात. वस्त्राची गरज मागाहून ध्यानांत येते. कारण वस्त्र एका दिवसांत संपत नाहीं, तें विरत जातें. सन १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत धान्याबरोबर कापडाचीही टंचाई झाली, आणि अंगावर धड वस्त्र नसल्यामुळें कित्येक स्त्रियांना घराबाहेर पडणें अशक्य झालें. जिला बाहेर पडतां येत नाहीं तिला कामही मिळत नाहीं व शिधाही मिळत नाहीं. म्हणून उदार दात्यांपुढें कापडाची ही गोष्ट आम्ही थोडी विस्तारानें मांडीत आहों.

जुनीं वस्त्रें देण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं, आणि गांठोडीं येतातही पुष्कळ. परंतु स्पष्ट बोलल्याची क्षमा असावी. त्यांतील बरींच गांठोडीं बोहारणीनें नाकारल्यानंतर आमच्याकडे वळलेलीं दिसतात. ता. २६ डिसेंबर २००४ रोजीं तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामीची लाट आली. त्यानंतर ठिकठिकाणांहून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तेथें रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. संकटांत सांपडलेल्या लोकांनीं ते घेतले नाहींत. ज्याचें घर गेलें त्याची लाजही गेली असें दात्यानें समजूं नये.

मग फाटकें कापड टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. तें वस्त्र म्हणून न देतां शिवणाचें सामान म्हणून द्यावें, आणि त्याबरोबर सुई, दोरा व शिवणाऱ्या हातांची मजुरी द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.

लुगडें सगळें एकदम फाटत नाहीं. बसण्याचा व गुडघ्यांजवळचा भाग आधीं विरतो, दोन्ही टोकें चांगलीं राहतात. विरलेला पट्टा कापून तीं टोकें जोडणें ह्यालाच दंड घालणें म्हणतात. लांबी थोडी कमी होते, पण लुगडें आणखी कांहीं काळ नेसतां येतें. ठिगळ लावावयाचें तर त्याचें कापडही जुनें व धुतलेलेंच घ्यावें. कोरें कापड पुढें धुण्यांत आटतें आणि भोंवतालच्या जीर्ण कापडाला ओढून नवी फाट पाडतें. ठिगळाचे उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या धाग्यांशीं जुळले पाहिजेत, ही गोष्ट नवशिके हटकून विसरतात.

जें ह्या कामालाही उरलें नाहीं त्याची गोधडी. खालीं व वर धड लुगड्याचा एकेक थर घ्यावा. मध्यें धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे सुरकुती न ठेवतां पसरावे. आणि कडेपासून धावदोरा घालीत, फेऱ्याफेऱ्यांनीं मध्यापर्यंत यावें. टाके विरळ पडले तर पहिल्याच धुण्यांत आंतील तुकडे एका कोपऱ्यांत गोळा होतात. थरांमध्यें कोंडलेली हवा ऊब धरते, म्हणून एका जाड कापडापेक्षां पातळ कापडाचे अनेक थर अधिक उबदार होतात. मराठवाड्याच्या कोरडवाहू भागांतून जीं कुटुंबें दर वर्षीं ऊंसतोडीस जातात, तीं ऐन थंडीचे महिने खोपटांत काढतात. त्यांच्या लेकरांना रात्रीं काय पांघरावयास मिळतें, हें ज्यांनीं एकदां पाहिलें त्यांना गोधडीचें मोल सांगावें लागत नाहीं.

मऊ झालेलें सुती धोतर तान्ह्या अंगाला कोऱ्या कापडापेक्षां बरें. त्याचीं दुपटीं व लंगोट करावे. सन १९९९ मध्यें दिल्लींत स्थापन झालेल्या ‘गूंज’ ह्या संस्थेनें जुन्या सुती कापडाच्या, मासिक पाळीसाठीं वापरावयाच्या स्वच्छ घड्या तयार केल्या. तसेंच गांवकऱ्यांनीं गांवाचें काम करावें व त्याच्या मोबदल्यांत कपडे घ्यावे, अशी रीत घातली. ती आम्हांस फार पसंत आहे, कारण तींत घेणाराची मान खालीं जात नाहीं.

एक सावधगिरी मात्र अवश्य हवी. हल्लींच्या पुष्कळशा साड्या पॉलिएस्टरच्या असतात. तें कापड घाम टिपत नाहीं, आणि चुलीजवळ पेटल्यास वितळून कातडीला चिकटतें. त्याच्या पिशव्या कराव्या, दावीं वळावीं. मुलांच्या अंथरुणांत तें घालूं नये.

कापडाच्या व्यापाऱ्यांनीं कटपीस व दोऱ्याचीं रिळें द्यावीं. धान्याच्या अडत्यांनीं रिकामीं गोणपाटें द्यावीं, तीं गोधडीखालीं जमिनीची ओल अडवितात. जमीनदार मंडळींनीं आपल्या वाड्याची ओसरी दुपारचे दोन तास शिवणास मोकळी करावी. शिवणाऱ्या बायांना मजुरी रोख द्यावयाची आहे, ती द्रव्यरूप देणगीवांचून भागणार नाहीं. शिवण शिकावयास मुलग्यांनाही बसवावें. प्रथम ते लाजतील. पण स्वतःच्या सदऱ्याला स्वतः गुंडी लावतां आली म्हणजे ती लाज टिकावयाची नाहीं.

वस्त्रें धुऊन, पुरीं वाळवून, सुती व इतर अशीं वेगळीं बांधावीं, आणि आंत काय आहे त्याची चिठ्ठी गांठोड्यास लावावी. सदऱ्याच्या गुंड्या कापून ठेवूं नयेत. काढल्याच असतील तर त्यांची पुरचुंडी त्याच गांठोड्यांत घालावी.