खुबा बदलल्यावर झोप का येत नाही?

माझ्या आईचा उजव्या खुब्याचा सांधा २०२२ सालच्या हिवाळ्यात बदलला. तेव्हा ती सत्तरीला आलेली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभे केले आणि आठवड्याच्या आत ती घरी आली. गावची माणसे भेटायला येत, तिला चालताना पाहत आणि म्हणत, "काय हो आक्का, नव्या झालात की!" आईही हसायची. पण पंधरा-वीस दिवस गेल्यावर एके दुपारी ती मला हळूच म्हणाली, "अरे, पाय चालतोय, पण मी नाही चालत. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसभर अंगात त्राण नाही. ऑपरेशन बिघडलं तर नाही ना?"

ऑपरेशन बिघडलेले नव्हते. पण मला तरी हे कुठे ठाऊक होते? मी तिला म्हणालो, "जरा मनावर घे, आई. तुझ्याहून थोरली माणसं महिन्यात हिंडायला लागतात." हे माझे उत्तर चुकीचे होते. किती चुकीचे, ते पुढे सांगतोच. मी काही डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवणारा मास्तर. परंतु त्या तीन-चार महिन्यांत डॉक्टरांना आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना विचारून विचारून जे समजले, ते आज आपल्यापुढे मांडावे असे मनात आहे. कारण ही शस्त्रक्रिया आता खेड्यापाड्यांतल्या माणसांचीही होते. पण घरी आल्यानंतरच्या रात्रींविषयी फारसे कोणी बोलत नाही.

प्रथम शरीरात काय घडलेले असते ते पाहू. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात एक खोलगट उखळ असते आणि मांडीच्या हाडाचा वरचा गोळा तिच्यात फिरतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. हे अस्तर झिजले, किंवा पडून हाड मोडले, किंवा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला, म्हणजे एकेक पाऊल नकोसे होते. अशा वेळी खराब झालेला गोळा काढून टाकतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात. त्याच्या टोकाला धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा असतो, आणि उखळीत नवी वाटी बसवतात. इंग्लंडमध्ये लँकाशायर परगण्यातील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली या शल्यविशारदाने १९६२ साली धातूचा लहान गोळा आणि चिवट पॉलिएथिलिनची वाटी अशी जोडी वापरली, आणि तेथून या शस्त्रक्रियेला आजचे रूप आले. त्याआधी त्याने टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली होती. ती काही वर्षांतच झिजून गेली. २००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील एका लेखाने हिला शतकाची शस्त्रक्रिया म्हटले, ते यथार्थच आहे. परंतु सांधा एक-दोन तासांत बदलतो. शरीराला तो बदल पचवायला मात्र महिने लागतात.

का बरे? घराची डागडुजी काढली म्हणजे गवंडी बाहेरच्या ओट्यावर काम करीत असले, तरी घरातली कणगी लवकर रिकामी होते. तसेच येथेही होते. कापलेले स्नायू आणि कातडी जुळवायची असतात, हाडाला नव्या दांड्याशी जमवून घ्यायचे असते, सूज उतरवायची असते. या साऱ्या कामाला शिधा लागतो आणि तो शरीर स्वतःच्याच कोठारातून काढते. त्यात शस्त्रक्रियेत रक्त गेलेले असते. रक्तातले हिमोग्लोबिन उतरले म्हणजे अवयवांना प्राणवायू कमी मिळतो आणि चार पावले टाकली तरी धाप लागते. भूक मंदावलेली असते. वेदनेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, बद्धकोष्ठ होते. तेव्हा हा थकवा म्हणजे आळस नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. तो दुरुस्तीचा खर्च आहे.

आता झोपेकडे वळू. जन्मभर जो मनुष्य कुशीवर झोपला, त्याला एकाएकी उताणे झोपावे लागते. कूस बदलायची तर भीती वाटते. दिवसा चालणे-बोलणे असते, माणसे असतात. रात्री सारे निजले म्हणजे पाय आणि आपण दोघेच उरतो, आणि दुखणे दुप्पट वाटू लागते. मूत्र-विसर्जनासाठी उठायचे तर तो एक सोहळाच. शिवाय दिवसा पडून राहिल्याने अधूनमधून डुलक्या होतात. झोपेचे भुकेसारखे आहे. दिवसभर जागे राहिल्याने ती साठत जाते. दुपारभर चणेफुटाणे खाल्ले तर रात्रीच्या जेवणावर वासना राहील का?

यातूनच एक रहाटगाडगे सुरू होते. दुखते म्हणून झोप नाही. झोप नाही म्हणून तेच दुखणे अधिक जाणवते. अपुऱ्या झोपेने वेदना सोसण्याची शक्ती घटते, हे आता चांगले ठाऊक झाले आहे. दुखते म्हणून चालणे टाळायचे. चालणे नाही म्हणून दिवसा डुलक्या, आणि डुलक्यांमुळे पुन्हा रात्री जागरण. आमच्या घरी हेच झाले. माझ्या "मनावर घे"चा परिणाम एवढाच झाला, की आईने तक्रार करायचे सोडले आणि व्यायामही गुपचूप सोडला.

एके दिवशी शेजारच्या काकूंनी आपल्याजवळची झोपेची गोळी तिला दिली. दिली ती प्रेमानेच. आईनेही कुणाला न सांगता घेतली. मध्यरात्री ती उठली, गुंगीत वॉकर घ्यायचा राहिला, आणि मी आवाजाने धावलो तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून थरथरत उभी होती. एक पाऊल चुकते तर नवा सांधा निखळला असता, किंवा दांड्याभोवतीचे हाडच मोडले असते. म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो: दुसऱ्याची झोपेची गोळी घेऊ नये. उतारवयात या गोळ्यांनी तोल जातो, भ्रम होतो. आणि वेदनेच्या कडक गोळ्यांबरोबर त्या घेतल्यास श्वासही मंदावू शकतो. मद्याचे तर नावच नको.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन बरेच उतरले होते. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, वेदनेच्या गोळीची वेळ बदलली आणि आईला म्हणाले, "आजी, तुमचा सांधा उत्तम आहे. थकवा येणारच. पण रात्रीची झोप सुधारायची तर सुरुवात सकाळपासून करायला हवी." त्या वाक्याने अर्धे काम झाले. रहाट उलटा फिरवायचा तो दिवसाच्या बाजूने, हे आम्हांला तेव्हा उमगले.

त्याची रीत अशी. घरी आल्यावरचा पहिला आठवडा सोडून द्यावा. तेव्हा झोप येईल तेव्हा घ्यावी. त्यानंतर मात्र रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवावी. उठल्यावर अंगणात किंवा ओसरीवर उजेडात बसावे. शरीरात एक घड्याळ असते आणि सकाळच्या उजेडाने ते रोज लावले जाते. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीही तीन वाजण्यापूर्वी. चहा दुपारनंतर बंद. त्यातले कॅफिन पाच-सहा तासांनंतरही निम्म्याच्या आसपास अंगात उरलेले असते. पाणी दिवसा भरपूर प्यावे आणि निजण्यापूर्वी दोन तास बेताने.

चालण्याचे गणित थोडे समजून घ्यावे लागते. बरे वाटले त्या दिवशी माणूस देवळापर्यंत जाऊन येतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळतो. असे करू नये. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे चालावे, मध्ये विसावा घ्यावा, आणि दमण्याआधी बसावे. आज अंगणाला दोन फेऱ्या, तर आठवड्याने तीन. बैलालाही आपण उन्हातून आणल्याबरोबर पुन्हा जुंपत नाही!

रात्रीची तयारी दिवसाउजेडीच करावी. जमिनीवरचे अंथरूण आणि खोलगट बाज दोन्ही काही काळ वर्ज्य. घट्ट गादीचा उंच पलंग हवा; काठावर बसले असता खुबा गुडघ्यापेक्षा किंचित वर राहिला पाहिजे. उताणे झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर न बदललेल्या बाजूच्या कुशीवर निजता येते. तेव्हाही गुडघ्यांमध्ये जाड उशी हवी, म्हणजे वरचा पाय आत घसरत नाही. नुसत्या गुडघ्याखाली मात्र उशी ठेवून रात्रभर निजू नये. त्याने सांधा आखडतो. मांडी घालणे, उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे, खाली वाकून वस्तू उचलणे हे किती दिवस टाळायचे, ते शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने केली त्यावर ठरते. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये. आपल्याच डॉक्टरांना विचारावे. शौचासाठी उंच कमोडची खुर्ची लागतेच, आणि रात्री ती पलंगाजवळ असली तर निम्मी धास्ती जाते. वॉकर हाताशी, मिणमिणता का होईना दिवा चालू, वाटेत सतरंजीची घडी किंवा पायपुसणे नाही, एवढे घरच्यांनी रोज पाहावे. वेदनेची गोळी डॉक्टरांच्या संमतीने निजण्याआधी तास-अर्ध्या तासाने बसवून घ्यावी. दुखते म्हणून दुकानातून जास्तीची गोळी आणू नये. त्याने पोट आणि मूत्रपिंडे बिघडतात.

इतके करूनही जाग आली तर? घड्याळाकडे पाहू नये. कूस बदलायच्या धडपडीपेक्षा सावकाश उठून खुर्चीत बसावे, हळू आवाजात काही ऐकावे, डोळे जड झाले की पुन्हा पडावे. आई अशा वेळी तोंडातल्या तोंडात ओव्या म्हणे. पडून राहणे हीसुद्धा विश्रांतीच आहे, हे तिला पटले तेव्हापासून रात्रीची धास्ती कमी झाली.

आहाराविषयी दोनच शब्द. जखम भरायला प्रथिने लागतात. ती डाळी, उसळी, दूध, दही, अंडी, चालत असेल तर मासे यांतून मिळतात. लोहासाठी हिरव्या पालेभाज्या आणि हळीव. त्यांवर लिंबू पिळले किंवा आवळा खाल्ला तर लोह अधिक अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी लागते. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. मधुमेह असणाऱ्यांनी हळिवाच्या लाडवातला गूळ मात्र मोजावा.

आपल्यांत शिक्षक श्रोते पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी थोडे. बसून करायच्या कामावर बरेच जण सहा आठवड्यांनंतर परत येऊ शकतात, पण वर्गात दिवसभर उभे राहण्याला त्याहून अधिक काळ लागतो. डॉक्टर हो म्हणाले तरी पहिले काही दिवस निम्मेच तास मिळतात का ते मुख्याध्यापकांना विचारावे. वर्ग तळमजल्यावर असावा, हाताची उंच खुर्ची मागून घ्यावी. मुलांच्या बुटक्या बाकावर बसू नये. तपासायच्या वह्या रात्री घेऊन बसू नयेत. आणि एखाद्या सहकाऱ्याच्या घरी हे दुखणे असेल, तर "अजून बरं वाटत नाही?" असे विचारू नये. "काल झोप कशी लागली?" असे विचारावे.

आणखी एक युक्ती उपयोगी पडली. माझ्या मुलीने एका वहीत तीन रकाने आखले: रात्री किती वेळा जाग, दिवसात किती फेऱ्या, थकवा कमी की जास्त. रोज पाहिले तर फरक दिसत नाही. पण सहाव्या आठवड्यात तिने आजीला पहिले पान वाचून दाखवले. तेव्हा रात्रीत पाच-पाच वेळा जाग होती, आता दोनदा. आई म्हणाली, "म्हणजे मी चालले आहे की पुढे!" सर्वसाधारणपणे झोप सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत सुधारत जाते, थकवा त्यानंतरही थोडा रेंगाळतो, आणि पूर्ण ताकद यायला सहा महिने ते वर्षही लागते.

मात्र प्रत्येक थकवा दुरुस्तीचाच समजून स्वस्थ बसू नये. पोटरी दुखू लागली, लाल झाली वा सुजली, तर रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे असे झाल्यास क्षणभरही न थांबता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ताप, जखमेतून पाणी वा पू, वाढती लाली, एकदम पाय टेकवेनासा होणे किंवा आखूड दिसणे, काळी डांबरासारखी शौचास होणे व त्याबरोबर चक्कर येणे, यांतले काहीही दुर्लक्षू नये. थकवा आठवड्यागणिक उतरण्याऐवजी चढत असेल तर रक्त तपासून घ्यावे. आणि आठवडेच्या आठवडे मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आई आता काठी न घेता बाजाराला जाते. परवा आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचा खुबा बदलला. त्यांच्या सूनबाई आईकडे आल्या आणि म्हणाल्या, "मामंजी नुसते पडून असतात हो, जरा समजवा ना." आई गेली, त्यांच्या उशाशी बसली आणि आधी एवढेच म्हणाली, "रात्री झोप नाही ना येत? मलाही नव्हती येत. येईल." त्या दिवशी मी तिला हेच सांगायला हवे होते.