काटेझुडपास राज्य कोणी दिले?

राजसत्तेविषयीचे सत्य जेथे उघडपणे बोलता येत नाही, तेथे रूपक उपयोगी पडते. शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथामाने गरिज्जीम डोंगरावरून सांगितलेली झाडांची गोष्ट हे अशा रूपकाचे फार प्राचीन उदाहरण होय. मराठी वाङ्मयात तिच्या जवळ जाणारी कृती म्हणजे विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक. ही दोन्ही रूपके शेजारी ठेवून वाचली असता सत्ता पुढाऱ्यास कशी भ्रष्ट करते हे तर कळतेच. परंतु त्या भ्रष्टतेत इतरांचा वाटा किती असतो, हेही ध्यानात येते.

१. इतिहास आणि रूपक

घाशीराम हा उत्तर पेशवाईतील पुण्याचा कोतवाल. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या अंमलात कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक जण गुदमरून मेले. शहरात क्षोभ उसळला आणि घाशीरामास दगडांनी ठेचून मारण्यात आले. नारायणगुड्यात मराठी व तेलुगू घरे शेजारी नांदतात; येथील वाचकास या मृतांची आठवण परकी वाटू नये.

या घटनेवर आधारलेले नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यास प्रथम रंगभूमीवर आले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे होते. नाना फडणवीस यांची बदनामी व एका ज्ञातीचा अवमान झाल्याचा आक्षेप निघाला व आरंभीच्या प्रयोगांनंतर नाटक थांबले. पुढे १९७४ पासून थिएटर ॲकॅडमीने ते पुन्हा केले. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे लेखकाने स्पष्ट केले होते. म्हणून नाटकातील नाना म्हणजे इतिहासातील मुत्सद्दी नाना असे मानणे योग्य नव्हे, आणि कोणा एका जातीवर बोट ठेवण्यासाठी व्यासपीठावरून या नाटकाचा उपयोग करणे तर सर्वथा अनुचित होय. रूपकाचा रोख ऐकणाऱ्याकडे असतो, शेजाऱ्याकडे नव्हे.

२. सत्तेसाठी दिलेले मोल

नाटकातील घाशीराम जन्मतः दुष्ट नाही. तो पोटासाठी पुण्यास आलेला परप्रांतीय ब्राह्मण आहे. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, त्यास मारहाण होते, शहराबाहेर हाकलले जाते. अन्याय त्याच्यावर झाला आहे, ही गोष्ट खरी. परंतु न्याय मागण्याऐवजी तो सूडाची प्रतिज्ञा करतो, आणि कोतवालीच्या बदल्यात आपली कन्या गौरी नानाच्या हवाली करतो.

योथामाच्या गोष्टीत जैतून, अंजीर व द्राक्षवेल यांनी राज्य नाकारले. कारण राज्य घ्यावयाचे तर आपले फळ सोडावे लागेल, हे त्यांनी ओळखले. काटेझुडपाजवळ सोडण्यासारखे काहीच नव्हते. घाशीरामाजवळ मात्र होते, आणि त्याने तेच दिले. ज्याने आपल्या सर्वांत प्रिय वस्तूचे मोल ठरविले, त्यास पुढे दुसऱ्याच्या प्राणांचे मोल वाटत नाही. भ्रष्टतेचा आरंभ अधिकार मिळाल्यानंतर होतो, असे आपण समजतो; येथे तो अधिकार मिळविण्याच्या सौद्यातच झालेला आहे.

३. मागे राहिलेला हात

नाटकाचे मर्म याहून खोल आहे. घाशीरामास कोतवाल नेमताना नाना जाणतो की, दुष्कृत्ये कोणाचीही असोत, दोष कोतवालाच्या माथी जाईल. शेवटी लोक चवताळतात तेव्हा घाशीरामास त्यांच्या स्वाधीन करण्याच्या हुकुमावर सही करणारा हात त्याचाच. घाशीराम मरतो, उत्सवाची आज्ञा सुटते आणि सत्ता होती तेथेच राहते.

शास्त्राभ्यासी वाचकास येथे दावीद आठवेल. उरीयाच्या मृत्यूची आज्ञा असलेले पत्र उरीयाच्याच हाती यवाबाकडे गेले. तरवार अम्मोन्यांची होती, राजाचा हात स्वच्छ दिसत होता. तो स्वच्छ नाही हे उघड करण्यास नाथानाला गरीब मनुष्याच्या मेंढीचे रूपकच सांगावे लागले.

४. भिंत झालेला समाज

या नाटकात ब्राह्मणांच्या वेषातील नटांची रांग गाते, नाचते आणि क्षणात भिंत होऊन उभी राहते. जे घाशीरामास प्रथम हाकलतात, जे त्याच्यापुढे वाकतात आणि जे अखेर त्याचा प्राण मागतात, ते सारे याच समाजातले. शखेमच्या लोकांचेही असेच झाले. त्यांनी बाल-बरीथाच्या मंदिरातील सत्तर रुपये अबीमलेखास दिले. त्या पैशावर त्याने भाडोत्री माणसे जमवून आपल्या सत्तर भावांचा वध केला. तीन वर्षांत तोच समाज त्याच्यावर उलटला. झुडपातून निघालेल्या अग्नीने शखेम जाळले, आणि तेबेस येथे एका स्त्रीने टाकलेल्या जात्याच्या तळीने अबीमलेखाचाही अंत झाला. ‘राजा वाईट निघाला’ एवढ्यावर योथाम थांबत नाही. तुम्ही त्यास राजा केले ते सचोटीने केले काय, असा त्याचा प्रश्न आहे.

५. मंडळीसाठी विचार

आपल्या मंडळ्यांतही कटू कामे एखाद्या खमक्या माणसावर सोपविण्याचा मोह होतो. वर्गणीची सक्ती, सेवकाची बडतर्फी, विरोधकाचे तोंड बंद करणे, हे सारे त्याच्याकडून करवून घ्यावयाचे, आणि ओरड झाली की त्यालाच काढावयाचे. मग मंडळी शुद्ध झाल्याचे समाधान मानले जाते. परंतु ज्या जागेने त्यास बिघडविले ती जागा तशीच रिकामी असते, आणि दुसरा घाशीराम दाराशी उभा असतो.

म्हणून हा पाठ शिकविताना उपदेशकाने तीन प्रश्न ठेवावेत. या अधिकारासाठी त्या मनुष्याने कोणते फळ सोडले? त्याच्या कृत्यांचा लाभ कोणास झाला? आणि तो अन्याय करीत असता आपण भिंत होऊन उभे होतो काय? पहिला प्रश्न पुढाऱ्यास आहे, दुसरा त्याच्या धन्यास. तिसरा आपणा सर्वांस आहे, आणि त्याचे उत्तर पुढाऱ्यास पायउतार करण्यापूर्वी दिले पाहिजे.